गुडाबाईचा गरम रोट

एका राज्यात आग होती, पण आगीला ऊब नव्हती. चुली पेटत, ज्वाळा नाचत, धूर निम्मा छपराच्या भोकातून बाहेर जाई आणि निम्मा माणसांच्या डोळ्यांत शिरे. पण शेकायला हात पुढे करावा, तर तो चांदण्यात धरल्यासारखा गारच्या गार. पाणी तापत नसे, पेज शिजत नसे, लोहाराच्या भट्टीत लोखंड लाल होत नसे. ते राज्य होते दूर उत्तरेला. तिथे हिवाळा एकदा येऊन बसला की पाहुण्यासारखा हलायचे नाव घेत नसे. लोक भिजवलेले पीठ खात, गाईगुरांना घरात घेऊन त्यांच्या कुशीत निजत आणि उजाडले की एकमेकांना हाका मारून विचारत, "आहात का सगळे?"

त्या राज्यात गुडा नावाची एक विधवा राहत असे. तिचे घर म्हणजे मातीच्या चार भिंती आणि वर गवताचे छप्पर. घरात एक गाय, एक डुकरीण, पाच-सात कोंबड्या आणि तिची लेक आल्बा. आल्बाला दिवस भरत आले होते. तिच्या नवऱ्याला, हेम्मोला, राजाचा तट बांधायला वेठीने नेले होते, आणि तट काही पुरा होत नव्हता. गुडाचा स्वभाव बोलका. थंडीला, धुराला, डुकरिणीला, सगळ्यांना ती सारख्याच मोकळेपणाने रागावे आणि रागावता रागावता हसे.

पण त्या दिवशी तिला हसू येईना. आल्बा गवताच्या अंथरुणात गाईच्या पोटाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "आई, मागच्या हिवाळ्यात गावात तीन लेकरे जन्मली. एकही राहिले नाही. कढत पाण्याचा एक तांब्या नाही, शेकायला निखारा नाही. माझे कसे राहील?"

गुडाने तिच्या पायांवर आणखी गवत लोटले.

तेव्हा वरून आवाज आला, "ऊब परत आणता येते."

तुळईवर एक करकोचा बसला होता. त्याचा पंख दुखावला होता, म्हणून यंदा तो आपल्या सोबत्यांबरोबर दक्षिणेला गेला नव्हता. गुडाने त्याला घरात घेतले होते. तो बोलतो हे तिला आजच कळले. पण कामाच्या गोष्टीपुढे असल्या गोष्टीचे नवल करीत बसायला तिला सवड नव्हती.

"कशी?" तिने विचारले.

करकोच्याने मान लांब केली आणि सांगितले. राजा ओडोवर याने मेलुकार नावाच्या जादूगाराला बोलावून म्हटले होते, की माझा वाडा बारा महिने उबदार राहील असे काही कर. मेलुकाराने सबंध हिवाळा खपून एक अग्निमणी घडवला. काम झाल्यावर त्याने सोने मागितले नाही, जमीन मागितली नाही. "महाराज, आजची संध्याकाळ तुमच्या शेकोटीजवळ बसू द्या," एवढेच तो म्हणाला. राजा हसला. "जादूगाराची जागा वेशीबाहेर, कुत्र्यांत," असे म्हणून त्याने त्याला बर्फात हाकलले. तेव्हा मेलुकार उंबऱ्यावर वळला आणि म्हणाला, "जिथे माणूस माणसाला आगीजवळ जागा देत नाही, तिथल्या आगीला ऊब कशाला हवी?" त्या क्षणी राज्यातल्या सगळ्या चुलींची ऊब राजाच्या खजिन्यातल्या त्या मण्यात जाऊन बसली आणि खजिन्याचे लोखंडी दार धाडकन लागले.

"आणि उतारा?" गुडाने विचारले.

"तोही तो जाता जाता पुटपुटला. मी नुकताच दक्षिणेहून परतून वाड्याच्या धुराड्यावर बसलो होतो, ऐकले. स्वतःच्या जात्यावर दळलेले पीठ, रानाने आपण होऊन दिलेले सरपण आणि राजाने आपल्या हाताने दिलेला निखारा. या तिन्हींचा एक रोट भाजून, गरम असा, मेलुकाराच्या हाती द्यावा. शाप उतरेल. तो पांढऱ्या डोंगरावर राहतो."

"मेल्या लांबटांग्या, एवढे ठाऊक असून इतके हिवाळे गप्प बसलास?"

"हिवाळ्यात मी दक्षिणेला असतो," करकोचा म्हणाला. "तिकडे ऊब असते." मग त्याने मान पंखात घातली. "यंदा कळले."

गुडाने कोपऱ्यातून बियाण्याचे मडके काढले. तळाशी काळ्या धान्याचे ओंजळभर दाणे होते. ते तिने लोकरी शालीच्या टोकाला बांधले, शेजारच्या बेर्थाला आल्बाजवळ बसवले, करकोच्याला खांद्यावर घेतले आणि ती निघाली.

पहिले काम पिठाचे. त्या राज्यात घरी दळायला बंदी होती. धान्य राजाच्या पाणचक्कीवर न्यायचे आणि निम्मे पीठ तिथेच ठेवायचे, असा हुकूम. कुणी चोरून दळू नये म्हणून शिपायांनी घरोघरची जाती उचलून नेली आणि ती चक्कीच्या अंगणात फरशीसारखी बसवली. गुडा तिथे पोचली तेव्हा ओढा गोठला होता. बर्फात अडकलेल्या चाकावर हिरव्या दाढीचा जलपुरुष पाय सोडून बसला होता.

"काय हवे?" त्याने विचारले.

"माझे जाते."

"अंगणात आहे. तुझी हाक ऐकून तुझे जाते उठेल. मात्र भलत्याच जात्यापुढे उभी राहून हाक मारलीस, तर त्याच्या शेजारी तूही फरशी होशील."

गुडा अंगणभर फिरली. सगळे दगड गोल, सगळे काळे, सगळ्यांवर राजाच्या घोड्यांच्या नालांचे ओरखडे. तिला तिचे जाते ओळखू येईना. काठावरच्या दोन फरश्यांना नाक-डोळे होते. तिकडे तिने पुन्हा पाहिले नाही. शेवटी ती अंगणाच्या बाहेर, कुठल्याच दगडापुढे नाही अशी, बर्फात मटकन बसली आणि तिला रडू येण्याऐवजी राग आला.

"अरे धोंड्या!" ती ओरडली. "पहाटे उठून तुला फिरवायचे मी, खांदे दुखायचे माझे आणि तू मात्र दर चार फेऱ्यांनी अडायचास! माझ्या लग्नात आलास तेव्हापासून तुझा खुंटा सैल. एकदा माझे बोट चेचलेस, आणि एकदा निम्मे दाणे जमिनीवर उधळलेस. आणि आता राजाच्या दारात घोड्यांच्या पायाखाली आरामात पडलास होय? ऊठ म्हणते ना!"

अंगणाच्या मधोमध एक दगड खाकरला. मग तो मातीतून निघाला, त्याच्यामागून त्याची तळी निघाली, आणि दोघे खाली मान घातल्यासारखे गडगडत गुडाच्या पायाशी येऊन थांबले.

जलपुरुष इतका हसला की त्याच्या दाढीतले बर्फ तडकले. "ने," तो म्हणाला. "इतकी वर्षे मी बायकांना इथे रडताना पाहिले. रागावलेली पहिलीच."

गुडाने तिथेच बसून दाणे दळले. दर चार फेऱ्यांनी जाते अडत होते.

दुसरे काम सरपणाचे. रान राजाचे. हिरवे झाड तर सोडाच, वाळकी काटकी उचलली तरी हात गमवावा लागे, आणि तो हुकूम बजावायला रानात एक करडा लांडगा ठेवला होता. गायीएवढा उंच. गुडा रानात शिरली तसा तो झाडीतून पुढे आला.

"कुठला हात देतेस?" त्याने रीतसर विचारले.

"अजून काही उचलले नाही," गुडा म्हणाली. "मला रानाने आपण होऊन दिलेले सरपण हवे."

"रान कुणाला काही देत नाही. मीही देत नाही." असे म्हणून लांडगा खाली बसला आणि मागच्या पायाने कान खाजवू लागला. मग मान. मग पुन्हा कान. खाजवता खाजवता तो गोल फिरला आणि एका बुंध्याला पाठ घासू लागला. गुडाच्या खांद्यावरून करकोचा कुजबुजला, "पळ, आता त्याचे लक्ष नाही."

पण गुडाला त्या खाजेची चांगलीच ओळख होती. गरम पाणी गेल्यापासून राज्यात न्हाणेधुणे नव्हते. उवांना मात्र चांगले दिवस आले होते. हिवाळाभर बायका दारात बसून एकमेकींची डोकी पाहत. "किती दिवस झाले असे?" तिने विचारले.

"झोप नाही," लांडगा म्हणाला. एवढा मोठा तो, पण आवाज केविलवाणा झाला. "मी रानाचा रखवालदार. माझ्या जवळ कोण येणार?"

गुडाने कमरेची हाडाची फणी काढली आणि ती बर्फात मांडी घालून बसली. "ये, डोके ठेव. चावलास तर फणी मोडेल आणि दुसरी माझ्याकडे नाही."

लांडग्याने तिच्याकडे पाहिले. मग हळूच येऊन त्याने आपले अवाढव्य डोके तिच्या मांडीवर ठेवले. गुडा केस बाजूला करीत, फणी फिरवीत बसली आणि आल्बाच्या लहानपणच्या गोष्टी सांगत राहिली. तिची बोटे सुन्न झाली, पाय झोपून गेले. दुपार कलली तेव्हा लांडग्याने असा एक सुस्कारा सोडला, की भोवतीच्या सगळ्या झाडांवरचे बर्फ खाली आले.

आणि बर्फाबरोबर एका जुन्या ओकाने आपली एक वाळकी फांदी सोडून दिली. ती गुडाच्या पुढ्यात पडली आणि आपोआप तिचे तुकडे झाले.

लांडग्याने एक डोळा उघडला. "हे उचललेले नाही," तो म्हणाला. "हे दिलेले आहे. जा." आणि तो घोरू लागला.

तिसरे काम राजाचे. वाड्याच्या दारात कुणी गुडाला अडवले नाही. पहारेकरी आपापले हात काखेत घालून भिंतीला चिकटले होते. राजा ओडोवर खजिन्याच्या दाराशी बसला होता. अंगावर कातड्यांवर कातडी, डोक्यावर मुकुट, मुकुटाखाली कानटोपी. दारापलीकडे राज्यातली सगळी ऊब होती आणि राजाचे दात वाजत होते.

"महाराज, एक निखारा द्या," गुडा म्हणाली. "आपल्या हाताने."

"नाही. दार उघडले की मणी चोरीला जाईल. किल्ली माझ्या गळ्यात आहे, ती तिथेच राहील." मग राजाने डोळे बारीक केले. "पण तू मला एक सांग, बाई. मी एवढी कातडी पांघरतो आणि मला झोप लागत नाही. तुम्ही झोपडीत राहता आणि सकाळी जिवंत उठता. कसे? तुम्ही नक्की ऊब चोरता."

"चोरतो खरी," गुडा म्हणाली. "चला, दाखवते."

चोर पकडायच्या उत्साहाने राजा लगोलग उठला.

गुडाच्या घराचे दार इतके ठेंगणे, की मुकुट काढल्याशिवाय राजाला आत शिरता येईना. आत धूर, शेण, ओले गवत यांचा वास. तो खोकला. शेजारणीने आल्बाला कोपऱ्यात सरकवले. गुडा म्हणाली, "महाराज, निजा. तिथे नको, ती कोंबड्यांची जागा. इथे, गाय आणि डुकरीण यांच्या मधे."

"आणि चोरलेली ऊब?"

"निजा तर खरे."

राजा निजला. गाईचा श्वास त्याच्या मानेवर येऊ लागला. डुकरीण पाठीला टेकली. मग गुडा आडवी झाली, शेजारीण आडवी झाली, कोंबड्या पायांवर येऊन बसल्या. राजाला काहीतरी म्हणायचे होते, पण ते म्हणण्याआधीच त्याला झोप लागली. कित्येक हिवाळ्यांत त्याला अशी झोप लागली नव्हती. सकाळी कोंबडा आरवला तेव्हा त्याच्या गालावर गवताचे वळ होते आणि पाय गरम होते.

तो गवतात उठून बसला. "ही ऊब तुम्ही एकमेकांची चोरता," तो म्हणाला.

"दुसऱ्या कुणाची मिळत नाही, महाराज."

राजाने गळ्यातली किल्ली काढली. त्याच्याबरोबर गुडा वाड्यावर गेली. लोखंडी दार त्याच्या हाताखाली करकरत उघडले. आत सोने वितळून त्याचे तळे झाले होते, आणि तळ्याच्या मधोमध डाळिंबाएवढा अग्निमणी धगधगत होता. राजाने चिमटा घेतला. बाही जळली, भुवया करपल्या, पण तो मागे हटला नाही. मण्याचा एक टवका काढून त्याने तो गुडाच्या मातीच्या परळात ठेवला. परळ तापला. कुणाच्या तरी हाताला काहीतरी गरम लागले, असे इतक्या वर्षांत प्रथमच झाले. दार पुन्हा आपोआप लागले आणि किल्ली राजाच्या हातात विरघळली.

"एकदाच," करकोचा म्हणाला. "दुसरा निखारा मिळणार नाही."

गावच्या भट्टीत गुडाने ओकाची फांदी रचली, निखारा ठेवला, पीठ मळून रोट आत सरकवला. थोड्याच वेळात वास सुटला. खरपूस, भाजक्या पिठाचा वास! घरांची दारे उघडली. माणसे आली, हातातली कामे टाकून आली, आणि भट्टीभोवती उभी राहिली. ज्यांना तो वास आठवत होता ते रडत होते, ज्या पोरांना तो ठाऊकच नव्हता, ती विचारत होती, "हे काय आहे?" सगळे भुकेले होते, पण रोटाला कुणी हात लावला नाही. निखारा विझून राख झाली. गुडाने रोट लोकरीत गुंडाळून छातीशी धरला आणि ती पांढऱ्या डोंगराकडे जवळजवळ धावत सुटली.

वेशीवर तिला मागून हाक आली. बेर्था बर्फात ठेचकाळत येत होती.

"गुडा, आल्बा मोकळी झाली. मुलगी झाली. पण ती रडत नाही. निळी पडली आहे, अंगाला हात लावला तर बर्फ!"

गुडा थांबली. पुढे डोंगर, मागे घर.

करकोचा म्हणाला, "हा एकच रोट आहे. सगळ्या राज्याची ऊब याच्यात आहे. थंड झाला तर..."

"ठाऊक आहे," गुडा म्हणाली. तिने डोंगराकडे पाहिले. भट्टीभोवती भुकेली उभी असलेली माणसे तिला आठवली. त्यांनी मन मारून रोट तिच्या स्वाधीन केला होता. आणि तरीही तिचे पाय वळले. "राज्याला उद्या काय ते सांगेन. हिला उद्या नाही."

घरी येऊन तिने लोकर सोडली. रोटाची गरम बाजू तान्हीच्या पाठीशी लावली, पोटाशी हात धरला आणि वरून सगळे गुंडाळले. राजा ओडोवर गाईजवळ उभा होता. वासामागे तोही भट्टीशी आला होता आणि तिथून पळत त्यांच्या मागोमाग आला होता. त्याने आपले एक कातडे काढले, मग दुसरे, मग सगळीच, आणि ती बाळंतिणीवर घातली. स्वतः तो गाईच्या पोटाला लागून बसला. रोटाची वाफ हळूहळू कमी झाली. मग संपली.

मग ती मुलगी रडली. अशी रडली की कोंबड्या उडाल्या.

आल्बा हसू लागली, बेर्था हसू लागली. गुडाही हसली आणि हसता हसता रोट हातात घेऊन खाली बसली. तो गार झाला होता.

इतक्यात दारात एक माणूस उभा राहिला. लांब, वाळलेला, दाढीत बर्फ, अंगावर फाटका झगा. "डोंगरावर वास आला," तो म्हणाला. "भाजलेल्या रोटाचा."

"आत ये आणि आधी दार लाव बाबा," गुडा म्हणाली. "गाईची ऊब बाहेर चालली. महाराज, जरा सरका, पाहुण्याला बसू द्या."

राजाने वर पाहिले आणि त्याने त्या माणसाला ओळखले. त्याचे तोंड उतरले. क्षणभर त्याला वाटले, उठून पळावे. मग तो गाईच्या पोटाला लागून होता तिथून, सगळ्यांत उबदार जागेवरून, सरकला.

"इथे बसा," तो म्हणाला. "तेव्हाच म्हणायला हवे होते."

मेलुकार बसला. गाईने त्याच्या कानात श्वास सोडला. गुडाने रोट मोडून पहिला तुकडा त्याच्या हातावर ठेवला, कारण घरात आलेला पाहुणा तो होता.

"थंड आहे," मेलुकार म्हणाला.

"आहे. त्याची ऊब हिने घेतली." गुडाने तान्हीकडे बोट केले. "पाहुणे, तुम्ही कोण ते आता मला कळले. हा तुमच्याचसाठी केला होता. मी वेशीपर्यंत आले होते आणि मागे फिरले. रागवायचे तर माझ्यावर रागवा."

मेलुकाराने तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावला. "मी गरम मागितला होता," तो म्हणाला. "पण मला खरोखर हवे होते ते बसायला जागा. ती राजाने दिली. आणि इतक्या चांगल्या रोटाची ऊब माझ्या हाताला लागून वाया गेली असती." त्याने हात वर केला, आणि थकलेला माणूस जसे ओझे खाली ठेवतो तसा तो खाली घेतला.

चुलीतल्या ज्वाळेने एकदा डोके हलवले. मग तिच्यातून ऊब आली. ती गुडाच्या पायांना लागली, डुकरिणीच्या कानांना लागली, छपरावरच्या बर्फाला लागली आणि छप्पर टपटप गळू लागले. गावात कुणीतरी ओरडले, मग सगळेच ओरडले. लोहाराच्या घणाचा आवाज आला. घराघरांतून पेज उतू जाऊ लागली, कारण ती उतू जाते हे लोक विसरले होते. पाण्याची भांडी चढली आणि संध्याकाळपर्यंत राज्यातली अर्धी प्रजा न्हाऊन ओळखू येईनाशी झाली.

राजाने हुकूम काढले. बायका चक्कीच्या अंगणात गेल्या आणि त्यांनी आपापल्या जात्यांना खडसावले. जाती उठून त्यांच्या मागोमाग गडगडत घरी निघाली, आणि काठावरच्या दोन फरश्याही अंग झाडून, शिंकत, आपल्या घरी गेल्या. रानातले वाळके सरपण सर्वांचे झाले. लांडगा रखवालदारच राहिला, फक्त महिन्यातून एकदा गावात येऊन डोके पुढे करू लागला. तट अर्धाच सोडून हेम्मो आणि बाकीचे पुरुष परतले. मेलुकार वाड्यात राहायला गेला आणि त्याने सबंध राज्याला भिंतीतून धुराडे कसे काढावे ते शिकवले. डोळे चुरचुरण्याचे त्यामुळे पुष्कळ कमी झाले.

त्यानंतरही तिथे हिवाळे लांब होते, पीक कधी येई, कधी बुडे, आणि उवा काही समूळ गेल्या नाहीत. पण कुणाच्याही दारात वाटसरू थांबला, तर आतली माणसे आधी सरकत आणि मग नाव विचारत. वसंत आला तेव्हा आल्बाची लेक उन्हात पालथी पडू लागली होती, आणि गुडा दारात बसून करकोच्याला सांगत होती, की छपरावर घरटे बांधायचे तर बांध, पण धुराड्याच्या तोंडावर बांधशील तर याद राख.

जशी त्या राज्याच्या चुलीत ऊब आली, तशी ऐकणाऱ्यांच्या आणि सांगणाऱ्यांच्या चुलीत सदा नांदो.